श्वसनक्रिया अचानक निकामी होणे: लक्षणे, कारणे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्वसनक्रिया निकामी होणे म्हणजे नेमके काय?

फुप्फुसांची कामे दोन. हवेतला ऑक्सिजन रक्तात पोहोचवायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा. यांपैकी एक किंवा दोन्ही कामे काही मिनिटांत, तासांत किंवा दोन-चार दिवसांत इतकी ढासळतात की शरीराला सावरायला उसंतच मिळत नाही. या अवस्थेला डॉक्टर ‘अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर’ म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही. न्यूमोनिया, दमा, हृदयविकार, विषबाधा, मज्जातंतूंचे विकार अशा अनेक वाटांनी माणूस इथे येऊन पोहोचतो. म्हणून उपचारही दोन्ही अंगांनी करावे लागतात: श्वास टिकवून धरायचा आणि त्याच वेळी मूळ कारण शोधायचे.

आकड्यांत सांगायचे तर धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १०० मिलिमीटर (पाऱ्याच्या उंचीत मोजलेला) असतो. साध्या हवेत श्वास घेत असताना तो ६० च्या खाली गेला, तर तो पहिला प्रकार. कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ असतो. तो ४५ च्या वर चढला आणि रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो उतरला म्हणजे आम्लता वाढली) ७.३५ च्या खाली उतरला, तर तो दुसरा प्रकार. पहिल्यात बहुधा फुप्फुसच बिघडलेले असते. दुसऱ्यात हवा आत-बाहेर करणारा छातीचा भाता कमी पडतो. एकाच रुग्णात दोन्ही प्रकार असू शकतात. पहिल्या प्रकाराचा रुग्ण दमून दुसऱ्या प्रकारात जाणे ही तर वॉर्डात रोज दिसणारी गोष्ट आहे.

नुसती धाप लागणे आणि हे, यांत फरक काय?

धाप ही रुग्णाला होणारी जाणीव आहे, तर श्वसनक्रिया निकामी होणे ही रक्तात मोजता येणारी स्थिती आहे. जिना चढून धाप लागते, पण रक्तातले वायू जागच्या जागी असतात. उलट अफूजन्य औषध जास्त झालेल्या माणसाला धाप अजिबात लागत नाही. तो शांत झोपलेला दिसतो आणि त्याचा श्वास मिनिटाला पाच-सहावर आलेला असतो. न्यूमोनियाच्या काही रुग्णांतही ऑक्सिजन बराच उतरलेला असताना ते बोलत, मोबाइल बघत बसलेले असतात. रुग्ण ‘मला काही होत नाही’ म्हणतो एवढ्यावर विसंबू नका.

सुरुवातीला कोणती लक्षणे दिसतात?

सर्वांत आधी श्वासांची गती वाढते. ऑक्सिमीटरवरचा, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्रावरचा, आकडा उतरण्याच्या कितीतरी आधी हा बदल दिसू शकतो, आणि नेमका तोच मोजायचा राहून जातो. त्यानंतर श्वासासाठीची मेहनत दिसू लागते. मानेचे स्नायू ताणले जातात, हंसळीच्या हाडावरचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा दर श्वासाला आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात. रुग्णाला आडवे पडवत नाही. तो पुढे झुकून, गुडघ्यांवर किंवा पलंगाच्या कडेवर हात टेकून बसतो.

बोलणे ही उत्तम चाचणी आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. पूर्ण वाक्य एका दमात येते का? तीन-चार शब्दांनंतर थांबावे लागते का? की एकेकच शब्द येतो? एकेक शब्दावर आलेला रुग्ण घरी ठेवण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

याच्या जोडीला नाडी मिनिटाला ११०-१२० च्या वर जाते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, जीव घाबरा होतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की रुग्ण अस्वस्थ होतो, मास्क ओढून काढतो, भलतेच बोलतो, कधी चिडतो. वयस्कर माणसांत खोकला-ताप नसताना नुसता गोंधळलेपणा हेच पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नये.

श्वास कसे मोजायचे? किती म्हणजे जास्त?

रुग्ण पाच मिनिटे स्वस्थ बसलेला असू द्या. आपण श्वास मोजतो आहोत हे त्याला सांगू नका, कारण लक्ष गेले की गती बदलते. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरा आणि छाती किंवा पोट किती वेळा वर येते ते पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. त्यात एका श्वासाची चूक झाली तरी उत्तर चारने चुकते.

प्रौढ माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. ते २५ च्या आसपास गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ३० किंवा त्याहून जास्त असतील तर लगेच रुग्णालय गाठा. ८ च्या खालची गती तितकीच धोक्याची, किंबहुना अधिकच, कारण ती कोणाला खटकत नाही. लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत, ते पुढे दिले आहेत.

कार्बन डायऑक्साइड साठल्याचे कसे ओळखावे?

हा वायू वाढला की गुंगी येते. सुरुवातीला डोके दुखते, विशेषतः सकाळी उठल्याबरोबर. चेहरा आणि तळवे लालसर, उबदार होतात, नाडी टपटपीत लागते. हात पुढे पसरून मनगटे मागे वाकवायला सांगितली तर पंजे फडफडल्यासारखे झटके देतात. पुढे रुग्ण बोलता बोलता पेंगतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा झोपतो. शेवटी हाकेलाही प्रतिसाद मिळत नाही. सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या जुन्या फुप्फुसविकाराचा) रुग्ण ‘आज फार झोपतोय’ असे घरचे सांगतात, तेव्हा अनुभवी डॉक्टर सर्वांत आधी रक्तातला हा वायू तपासतात.

इतका वेळ तडफडणारा रुग्ण शांत झाला, श्वासही हळू झाला. म्हणजे आता बरे आहे ना?

हा प्रश्न वेगळा घेतला, कारण या गैरसमजापायी प्राण जातात.

तो खरोखर सुधारत असेल तर श्वास मंदावताना चेहऱ्यावर तरतरी येते, तो पूर्ण वाक्ये बोलतो, पाणी मागतो, ऑक्सिजनचा आकडा टिकतो. तो दमला असेल तर श्वास मंदावतो आणि उथळही होतो, मान गळते, डोळे मिटतात, बोलणे थांबते. छाती आणि पोट एकत्र वर येण्याऐवजी उलटसुलट हलू लागतात: छाती वर येताना पोट आत जाते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, थकल्याची ही खूण आहे. काही मिनिटांत श्वास थांबू शकतो.

दम्याच्या झटक्यातही असेच घडते. छातीतला शिटीसारखा आवाज बंद झाला म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. वास्तविक आवाज यायलाही हवा वाहावी लागते. हवाच जाईनाशी झाली की छाती मुकी होते. रुग्णालयातही हाच सापळा आहे. दम्याच्या तीव्र झटक्यात जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला सामान्यपेक्षा कमी असायला हवा. अशा रुग्णाचा अहवाल ‘४०, नॉर्मल’ आला तर तो दिलासा नव्हे, रुग्ण थकू लागल्याचा इशारा आहे.

ऑक्सिमीटर ९६ दाखवतो. तरीही काळजी करायची?

करावी लागू शकते. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजन सांगतो, कार्बन डायऑक्साइडबद्दल तो काहीच सांगत नाही. रुग्णाला नळीने ऑक्सिजन चालू असेल तर आकडा ९७ असतानाही आत कार्बन डायऑक्साइड दुप्पट झालेला असू शकतो. म्हणून आकड्याबरोबर तीन गोष्टी बघा: श्वासांची गती, बोलणे आणि शुद्ध.

दुसरी गोष्ट, आकड्याची उतरण एकसारखी नसते. ९८ वरून ९२ पर्यंत येताना रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब बराच घटतो, तरी आकडा हळूहळूच सरकतो. ९० ला हा दाब साधारण ६० मिलिमीटर असतो, आणि तिथून खाली मात्र कडा आहे: थोडासा बिघाड आणि आकडा धाडकन ८० वर. ९० वर असलेला रुग्ण या कड्याच्या टोकावर असतो.

यंत्र फसते तेही लक्षात ठेवा. नेलपॉलिश, गार पडलेली बोटे, कमी झालेला रक्तदाब, थरथरणारा हात यांमुळे आकडा चुकतो. गडद त्वचेच्या लोकांत तो खऱ्यापेक्षा काहीसा जास्त येऊ शकतो. बंद खोलीतली शेगडी किंवा जनरेटर यांच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली, तर आकडा चक्क ९८-१०० येतो, कारण त्या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन यंत्राला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली तर ऑक्सिमीटर बाजूला ठेवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि रुग्णालयात न्या.

मोजण्याची पद्धत अशी: पाच मिनिटे स्वस्थ बसा, हात चोळून ऊबदार करा, हात छातीच्या पातळीवर स्थिर ठेवा, आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा ते एक मिनिट थांबा. क्षणभर चमकून गेलेला आकडा लिहू नका. प्रौढांत ९४ च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरांशी बोला. ९० किंवा त्याखाली असेल तर वाट पाहू नका. जुन्या फुप्फुसविकाराच्या रुग्णाचा नेहमीचाच आकडा ९० च्या आसपास असू शकतो. त्याच्या बाबतीत नेहमीपेक्षा किती उतरला हे पाहावे. समुद्रसपाटीपासून फार उंचावर सगळ्यांचाच आकडा खाली येतो, हेही विसरू नका.

ओठ निळे पडले नाहीत, म्हणजे ऑक्सिजन ठीक आहे का?

नाही. निळेपणा उशिरा येतो. ओठ आणि जीभ निळसर दिसायला केशवाहिन्यांतल्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे साधारण ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावे लागते. हिमोग्लोबिन चांगले असलेल्या माणसात तोवर ऑक्सिमीटरचा आकडा ८५ च्या खाली गेलेला असतो. तीव्र रक्तक्षय असेल तर जीव जायची वेळ आली तरी ओठ निळे दिसणार नाहीत, फिकटच राहतील. नुसती बोटे निळी आणि जीभ गुलाबी असेल तर थंडीही कारण असू शकते. पाहायची ती जीभ आणि ओठांची आतली बाजू.

फुप्फुसांतल्या कोणत्या बिघाडाने हे होते?

फुप्फुसात ३० ते ५० कोटी वायुकोश आहेत. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. प्रत्येक वायुकोशाला दोन गोष्टी लागतात: आत हवा आणि भोवती वाहणारे रक्त. दोन्हींचा मेळ बिघडला की ऑक्सिजन उतरतो.

न्यूमोनियात वायुकोश पू आणि स्रावाने भरतात. ताप, खोकला, बेडका, एका बाजूला टोचणारे दुखणे ही त्याची नेहमीची चिन्हे. हृदयाचा डावा भाग कमजोर झाला की रक्त मागे तुंबते आणि वायुकोशांत पाणी झिरपते. रात्री झोपेतून घुसमटून उठणे, दोन-तीन उशांशिवाय झोपता न येणे, पायांना सूज, गुलाबीसर फेसाळ थुंकी या त्याच्या खुणा. हृदयविकाराचा झटका, एकदम चढलेला रक्तदाब, चुकलेली औषधे किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याने साठलेले पाणी ही त्यामागची कारणे असतात. भरलेल्या वायुकोशाभोवतून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. म्हणून अशा रुग्णांत नुसता ऑक्सिजन वाढवून आकडा पुरेसा चढत नाही. बंद वायुकोश दाबाने उघडावे लागतात.

सीओपीडी आणि दम्यात नळ्या आक्रसतात, सुजतात, कफाने बुजतात. हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. छाती फुगलेलीच राहते आणि पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. सीओपीडी बळावण्याचे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे श्वसनमार्गाचा संसर्ग.

फुप्फुसाभोवती हवा शिरली तर ते दबते. एका बाजूला अचानक कळ येते आणि लगेच धाप लागते. उंच, सडपातळ तरुणांत किंवा सीओपीडीच्या रुग्णांत हे आपोआपही होते. साठलेल्या हवेचा दाब वाढत गेला तर रक्तदाब कोसळतो. तेव्हा एक्स-रेची वाट न पाहता सुईने हवा काढावी लागते.

आणखी काही कारणे थोडक्यात: बुडणे, आगीचा धूर, उलटी श्वासनलिकेत जाणे, अपघातात बरगड्या मोडणे, घशात घास अडकणे, तीव्र अॅलर्जीने घसा सुजणे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पोटाच्या वरच्या भागाच्या, दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ मिटतो. त्यासाठीच भूल उतरल्यावर लवकर बसवतात, चालवतात आणि जागेपणी तासातासाला दहा दीर्घ श्वास घ्यायला लावतात. दुखणे पुरेसे कमी केले तरच रुग्ण हे करू शकतो.

एक्स-रे जवळपास स्वच्छ, तरी ऑक्सिजन इतका कमी. असे कसे?

तेव्हा पहिला संशय फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीचा. हवा ठीक पोहोचते, रक्तच पोहोचत नाही. गुठळी बहुधा पायाच्या खोल शिरेतून येते. अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणे, वेगवान नाडी, कधी चक्कर येऊन पडणे, कधी खोकल्यातून रक्त अशी लक्षणे दिसतात. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अस्थिभंग, बराच काळ अंथरुणाला खिळणे, कर्करोग, बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने होते.

दमा आणि सीओपीडी यांतही एक्स-रे साधा दिसू शकतो, आणि पुढच्या प्रश्नातल्या आजारांतही.

फुप्फुसे धडधाकट असताना श्वसन निकामी होऊ शकते?

होऊ शकते. श्वासाची आज्ञा मेंदूच्या बुंध्यातून निघते, मज्जारज्जूतून उतरते, नसांतून स्नायूंपर्यंत जाते. या वाटेत कुठेही खंड पडला की श्वास उणा पडतो. श्वासपटलाची नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते, म्हणून मानेवरचा आघात इतका घातक ठरतो.

अफूजन्य वेदनाशामके, झोपेची औषधे आणि दारू मेंदूची आज्ञाच मंद करतात. दोन एकत्र आली तर परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि न उठणारा माणूस ही अफूजन्य औषधाची त्रयी. नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाने तो जागा होतो, पण त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो आणि मूळ औषध त्याहून जास्त रेंगाळू शकते. जागा झाला म्हणून घरी पाठवलेला रुग्ण पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो.

गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारात अशक्तपणा पायांपासून वर चढतो. मायस्थेनियात (नस आणि स्नायू यांच्या जोडाचा आजार) पापण्या गळतात, एकाची दोन चित्रे दिसतात, गिळताना ठसका लागतो. नाग-मण्यारासारख्या सापांचे विष पापण्यांपासून सुरू होऊन श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत लाळ, घाम आणि कफाचा पूर येतो आणि स्नायूही लुळे पडतात. या सगळ्यांत रुग्ण झगडताना दिसत नाही, कारण झगडायलाच शक्ती उरलेली नसते. एक सोपी तपासणी करता येते: पूर्ण श्वास भरून घ्यायला सांगा आणि एका दमात, साधारण सेकंदाला दोन या गतीने मोठ्याने आकडे म्हणायला लावा. निरोगी माणूस ४०-५० पर्यंत जातो. वीसच्या आत अडखळला तर धोका जवळ आहे. क्षीण झालेला खोकला, नाकातून येणारा आवाज आणि डोके उशीवरून उचलता न येणे यांचाही अर्थ तोच. ऑक्सिमीटरचा आकडा इथे अगदी शेवटी उतरतो.

फार लठ्ठ व्यक्तींत आणि पाठीच्या कण्याला मोठा बाक असलेल्यांत श्वास आधीच कसाबसा पुरत असतो. साधी सर्दीही त्यांना या टोकाला नेऊ शकते.

एआरडीएस म्हणजे काय?

एआरडीएस म्हणजे ‘अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम’. शरीरातला मोठा दाह फुप्फुसांवर उतरतो, केशवाहिन्या गळक्या होतात आणि दोन्ही बाजूंचे वायुकोश प्रथिनयुक्त द्रवाने भरतात. १९६७ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा सविस्तर नोंदला गेला. न्यूमोनिया आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग ही सर्वांत मोठी कारणे. स्वादुपिंडाचा दाह, मोठा अपघात, उलटी फुप्फुसात जाणे, रक्त चढवल्यानंतरची प्रतिक्रिया हीसुद्धा. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार मूळ आजारापासून एका आठवड्याच्या आत त्रास सुरू झालेला असावा, छातीच्या चित्रात दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसावेत आणि केवळ हृदय कमजोर पडल्याने किंवा पाणी साठल्याने हे झालेले नसावे.

तीव्रता एका भागाकाराने ठरते. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले दिल्या जाणाऱ्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण. निरोगी माणसात उत्तर ४०० च्या वर येते. रुग्णाला ६० टक्के ऑक्सिजन देऊनही दाब ७२ च असेल तर ७२ भागिले ०.६, म्हणजे १२०. उत्तर ३०० ते २०० दरम्यान असेल तर सौम्य, २०० ते १०० मध्यम, १०० किंवा खाली तीव्र. नातेवाइकांनी रोज हा एक आकडा विचारला तरी प्रकृतीची दिशा कळते.

घाबरल्यामुळे धाप लागली की खरोखर श्वसन बिघडले, हे कसे ओळखावे?

घबराटीच्या झटक्यात ऑक्सिमीटर ९८-१०० असतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटे आखडतात आणि बहुधा अर्ध्या तासात सारे ओसरते. तरीही घबराट हे निदान सर्वांत शेवटी करायचे. फुप्फुसातली गुठळी आणि हृदयविकाराचा झटका यांतही माणूस भयंकर घाबरतो. मधुमेहात रक्त आम्लधर्मी झाले की खोल, वेगवान श्वास चालतो. छाती साफ, ऑक्सिजन चांगला, तोंडाला फळांसारखा वास आणि वाढलेली साखर, अशा वेळी दुखणे फुप्फुसाचे नसते. तोंडाला कागदी पिशवी लावून श्वास घेण्याची जुनी युक्ती करू नका. निदान चुकलेले असेल तर तिने जीव जाऊ शकतो.

लहान मुलांत काय वेगळे दिसते?

मुलांचा साठा लहान असतो, त्यामुळे बिघाड झपाट्याने होतो. रडत नसताना, पूर्ण मिनिट मोजून दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर ती वेगवान गती समजतात. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणे, श्वासागणिक डोके हलणे, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येणे ही गंभीर चिन्हे. कण्हून बाळ आपले वायुकोश उघडे ठेवण्याची धडपड करत असते. बाळ अंगावर पिणे सोडते, मलूल पडते, नजर देत नाही, श्वास मध्येच थांबतो, अशा वेळी एक मिनिटही घालवू नका. नाडी वेगवान असताना एकाएकी मंद होऊ लागली तर हृदय थांबण्याच्या बेतात आहे.

खेळता खेळता अचानक खोकला आणि घुसमट सुरू झाली, ताप नाही, तर काहीतरी अडकले असेच धरा. दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी खाली जाते.

रुग्णवाहिका येईपर्यंत घरी काय करावे?

आधी मदत बोलवा, बाकीचे नंतर. मग रुग्णाला उठवून बसवा, पाय खाली सोडा, पुढे टेकायला उशी किंवा टेबल द्या. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. शुद्ध हरपली पण श्वास नीट चालू आहे, तर कुशीवर वळवा, म्हणजे जीभ आणि उलटी मार्ग अडवणार नाहीत.

दमा असेल तर साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरने (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याने) द्या. एका वेळी एकच फवारा, त्यावर चार श्वास. असे चार फवारे झाल्यावर चार मिनिटे थांबा, उतार नसेल तर पुन्हा चार. स्पेसरविना बरेचसे औषध घशातच बसते. तीव्र अॅलर्जीत अॅड्रेनालिनचे पेन जवळ असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, कपड्यावरून दिले तरी चालते. घास अडकून माणूस खोकूही शकत नसेल तर दोन खांद्यांमध्ये पाच थापा, मग पोटावर पाच दाब, आलटून पालटून. एक वर्षाखालील बाळाला पोटावर नव्हे, छातीवर दाबायचे.

अधूनमधून, मोठी फट ठेवून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. माणूस प्रतिसाद देत नाही आणि असेच आचके देतो आहे, तर छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायला सुरुवात करा.

काय करू नये तेही महत्त्वाचे. खायला-प्यायला देऊ नका, कारण ठसका लागून ते फुप्फुसात जाते आणि पुढे श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली तर भरलेले पोट धोका वाढवते. झोपेची गोळी देऊ नका. ‘थोडा पड’ म्हणून जबरदस्तीने आडवे करू नका. स्वतः दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका.

सीओपीडीच्या रुग्णाला ऑक्सिजन देऊ नये म्हणतात, खरे का?

अर्धवट खरे, म्हणून घातक. ऑक्सिजन द्यायचाच, पण मोजून. या रुग्णांत आकडा ८८ ते ९२ दरम्यान ठेवतात, इतर बहुतेकांत ९२ ते ९६. जास्त दिला तर बिघडलेल्या भागांकडे रक्त उगाच वळते, हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड सोडून देते, श्वासाची प्रेरणाही थोडी घटते आणि तो वायू साठतो. नाकातल्या नळीने मिनिटाला १-२ लिटर किंवा २४-२८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क (ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा मास्क) ही सुरुवात पुरते. जास्त ऑक्सिजनवर रुग्ण पेंगू लागला म्हणून तो एकदम बंद करणे ही दुसरी चूक. आकडा पहिल्यापेक्षाही खाली कोसळतो. टप्प्याटप्प्याने कमी करायचा. आणि रुग्णवाहिकेत रुग्ण गुदमरत असेल तर आधी ऑक्सिजन, आकड्यांची बारीक जुळवणी नंतर.

रुग्णालयात मनगटातून रक्त का काढतात?

ती धमनीतल्या रक्ताची तपासणी, एबीजी. नेहमीच्या शिरेतल्या इंजेक्शनपेक्षा दुखते, पण ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, पीएच आणि बायकार्बोनेट (रक्तातले आम्ल निवळवणारा घटक) यांचा हिशेब मिनिटांत मिळतो. बिघाड ताजा की जुना हेही त्यातून कळते. मूत्रपिंडांना बायकार्बोनेट वाढवून आम्ल सावरायला तीन ते पाच दिवस लागतात. कार्बन डायऑक्साइड ६० पण पीएच जवळपास ठीक, तर तो जुनाच साठा आहे. ६० आणि पीएच ७.२४ च्या आसपास, तर हे नुकतेच घडले आहे.

बायपॅप आणि व्हेंटिलेटर यांत काय फरक? नळी टाकली म्हणजे आशा संपली का?

बायपॅपमध्ये घट्ट मास्कमधून श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब मिळतो. सुरुवातीला साधारण १० आणि ५ सेंटिमीटर पाण्याचा दाब ठेवून तो वाढवत नेतात. सीओपीडी बळावल्याने पीएच घसरलेला असताना आणि हृदयामुळे फुप्फुसात पाणी झालेले असताना त्याचा फायदा पक्का आहे. तासा-दोन तासांनी पुन्हा एबीजी करून सुधारणा पाहतात. ती नसेल तर मास्कवर वेळ काढत बसणे महागात पडते. बेशुद्ध, सतत उलट्या करणाऱ्या किंवा कफ काढता न येणाऱ्या रुग्णाला मास्क चालत नाही.

मास्क काढायची रुग्णाची धडपड बहुधा हवेची गळती, नाकावरचा दाब किंवा कोरडे तोंड यांमुळे असते. हे दुरुस्त होते, तेव्हा परिचारिकेला लगेच सांगा.

नळी टाकणे म्हणजे थकलेल्या स्नायूंना विश्रांती आणि औषधांना काम करायला वेळ. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीतून हवा भरण्याचा मार्ग दाखवला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून रुग्णांना जगवले. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच उभे राहिले. तो आजार स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जापेशींचा होता, आणि श्वास उसना दिल्यावर माणसे वाचली.

एआरडीएसमध्ये दर श्वासाला भरायची हवा उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर ठेवतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्याने मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. फुप्फुस जास्त ताणले की यंत्रच इजा करते. आजार तीव्र असेल तर रुग्णाला दिवसाचे सोळा तास पालथे ठेवतात. तसे दिसले तर घाबरू नका, मागचे मिटलेले वायुकोश त्याने उघडतात.

बरे व्हायला किती दिवस लागतात? घरी आल्यावर काय सांभाळायचे?

हे कारणावर ठरते. हृदयामुळे साठलेले पाणी काही तासांत उतरू शकते, दम्याचा झटका काही दिवसांत आटोक्यात येतो, गिया-बारेत व्हेंटिलेटर आठवडे लागू शकतो. एआरडीएसनंतर फुप्फुसाची क्षमता सहा महिने ते वर्षभर सुधारत राहते. स्नायूंची झीज, विस्मरण, भीतिदायक स्वप्ने, उदासी यांना मात्र अधिक काळ लागतो. ही दुर्बलता खोटी नसते. ‘आता रिपोर्ट चांगले आहेत, ऊठ’ म्हणून ती जात नाही. फिजिओथेरपी रुग्णालयातच सुरू होते, ती घरीही चालू ठेवा.

घरी जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: विश्रांतीतला आणि सहा मिनिटे चालल्यानंतरचा ऑक्सिजनचा आकडा, विश्रांतीतली श्वासांची गती आणि नेहमीच्या औषधांतला प्रत्येक बदल. पंप वापरण्याची पद्धत परिचारिकेसमोर करून दाखवा. धूम्रपान पूर्ण बंद, आणि ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्संट्रेटर चालू असेल तर त्या खोलीत कोणीही काडी, उदबत्ती, शेगडी पेटवू नये. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. विश्रांतीतली गती लिहून घेतलेल्या आकड्यापेक्षा आठ-दहाने वाढली, बेडक्याचा रंग बदलला, दिवसा गुंगी येऊ लागली किंवा पुन्हा बसूनच झोपावे लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तोच कागद हातात घेऊन रुग्णालयात जा.